बेटावरून आलेल्या पगारे सिस्टर

पगारे सिस्टर कुणाकडेही गेल्या की चहाआधी पाणी मागायच्या, आणि दिलेलं पाणी लगेच प्यायच्या नाहीत. पहिला घोट तोंडात धरून ठेवायच्या, डोळे मिटून तो जिभेवर इकडून तिकडे फिरवायच्या आणि मग गिळून म्हणायच्या, "बरंय." घरची बाई बिचारी ट्रे हातात धरून, निकाल ऐकायला उभी असल्यासारखी. त्या आमच्या सोनिवलीच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या तेव्हा निम्म्या बायकांना त्यांचा राग आला तो या एका सवयीमुळे. "आम्ही काय गटारीचं पाणी देतो का हो?" असं शिंदेकाकू मला जिन्यात म्हणाल्या होत्या.

सिस्टर मूळच्या अंबरनाथच्या. वडील तिथल्या एका कारखान्यात फिटर होते. नर्सिंग झाल्यावर उल्हासनगरच्या एका खाजगी हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं काढली आणि मग एका एजंटाच्या ओळखीनं मालदीवला गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या त्या थेट समुद्राच्या मधोमध उतरल्या. तिथून पुढे बोटीनं एका लहानशा बेटावर, तिथल्या आरोग्य केंद्रात. एक-दोन वर्षांसाठी म्हणून गेलेली ही बाई केस पिकेपर्यंत तिथेच राहिली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "त्या दिवशी बोट नव्हती." आणि स्वतःच खो खो हसायच्या.

निवृत्त होऊन परत आल्यावर भावानं त्यांना अंबरनाथला स्वतःजवळ राहायचा खूप आग्रह केला. पण इतकी वर्षं एकटं राहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात वावरणं जमत नाही. त्यांनी आमच्याकडे तळमजल्यावरचा फ्लॅट पाहिला. गुडघे दुखायचे, म्हणून जिना नको होता. एजंट छातीठोकपणे सांगत होता, "मॅडम, नदी इथून किती लांब आहे बघा!" सिस्टरनी त्याला काही न विचारता गेटवरच्या वॉचमनला, यादवला, विचारलं, "मागच्या पुरात तू कुठं बसला होतास?" यादव निरागसपणे म्हणाला, "टेरेस पे, मॅडम. पूरा टाइम." एजंटाचा चेहरा पडला. सिस्टरनी फ्लॅट तरीही घेतला. म्हणाल्या, "माझ्या तिकडच्या घरातून समुद्र पुढच्या दारातून पण दिसायचा आणि मागच्या दारातून पण. ही तर नुसती नदी."

त्यांचं बेट केवढं होतं हे त्या सांगायच्या ते ऐकण्यासारखं असे. "कुकर लावायचा, गॅस बारीक करायचा आणि बेटाला एक फेरी मारून यायची. परत येईस्तोवर वरण-भात तयार." तिथे सगळे त्यांना 'दत्ता' म्हणायचे. तिथल्या भाषेत दत्ता म्हणजे मोठी बहीण. इकडे आल्यावरही तिथल्या बायकांचे व्हिडिओ कॉल यायचे आणि उघड्या खिडकीतून "दत्ता! दत्ता!" अशा हाका ऐकू यायच्या. पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी त्यावरून असा ग्रह करून घेतला की ही बाई मोठी दत्तभक्त आहे. गुरुवारी ते पेढे घेऊन दारात उभे राहिले. सिस्टर पौर्णिमेला न चुकता विहारात जाणाऱ्या, त्यांना क्षणभर काही कळेचना. कळल्यावर त्यांनी काकांना आत बसवलं, पेढे घेतले आणि म्हणाल्या, "काका, तो दत्ता मीच. पण पेढे दर गुरुवारी आणले तरी चालतील." काकांनी पुढे ते खरंच चालू ठेवलं.

सिस्टरना डासांचा मात्र भयंकर राग. रविवारी सकाळी गाऊनवर ओढणी टाकून त्या बिल्डिंगभर फिरायच्या. कुंड्यांखालच्या बशा उपड्या करायच्या, टेरेसवरची फुटकी बादली लाथेनं लवंडायच्या. कोपऱ्यावर उल्हासनगरच्या एका सिंधी शेठचं टायरचं दुकान होतं. घनश्यामशेठ म्हणायचे त्यांना. दुकानाबाहेर जुन्या टायरांची चळत कायम उघड्यावर, आणि प्रत्येक टायरमध्ये पावसाचं पाणी. सिस्टर दुकानासमोर उभ्या राहिल्या.

"शेठ, हे पाणी ओता."

"अरे दीदी, मैंने थोडी भरा है? ऊपरवाले ने भरा."

"त्यानं भरलं ना? मग आता तुम्ही ओता. वाटून घ्या काम."

शेठ हसले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. सिस्टरनी ओढणी कमरेला खोचली आणि पहिला टायर स्वतः ओढायला घेतला. एवढ्या वयाची बाई रस्त्यावर टायर ओढतेय म्हटल्यावर शेठ "साईं, साईं" करत धावत आले. त्यानंतर त्यांच्या टायरांवर ताडपत्री आली. पुढे त्यांच्या नातवाला डेंगू झाला तेव्हा शेठनी डॉक्टरांच्या आधी सिस्टरना फोन केला आणि नातू बरा होईपर्यंत सिस्टर रोज रिक्षा करून उल्हासनगरच्या कॅम्पात त्यांच्या घरी जात राहिल्या.

त्या नेहमी बरोबरच असायच्या असं मात्र नाही. एका मे महिन्यात भर दुपारी यादव गेटजवळ निपचित पडलेला त्यांना दिसला. ऊन लागलं, असं ठरवून त्यांनी अख्खी बादली त्याच्यावर ओतली. यादव ओरडत उठला, "मॅडम, हम सो रहे थे!" डबल ड्यूटी करून बिचारा जरा लवंडला होता. आम्ही गॅलऱ्यांतून पोट धरून हसलो. सिस्टरच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "उठलास ना? मग झालं तर," म्हणाल्या, आणि घरात जाऊन त्याच्यासाठी टॉवेल आणि ताक घेऊन आल्या.

पाणी चाखण्याच्या सवयीबद्दल मी त्यांना एकदा विचारलं. दुपारची वेळ होती, आम्ही दोघी माझ्याकडे मेथी निवडत बसलो होतो. सिस्टरनी हातातली जुडी खाली ठेवली.

"तिकडे पूर येतो तो पावसात येत नाही गं नेहमी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी आभाळ लख्ख निळं. वारासुद्धा नाही. मी आरोग्य केंद्राच्या पायरीवर बसून नारळ खात होते आणि समोरच्या गल्लीतून पाणी आलं. लाट नाही, आवाज नाही. नुसतं आलं, पाहुणा आल्यासारखं. समुद्र फुगला होता. कुठंतरी लांब वादळ झालं असेल, त्याचा फुगवटा आमच्यापर्यंत पोचला. आधीही यायचं पाणी, नाही असं नाही. पण आधी म्हाताऱ्यांच्या आठवणीत एखादं असायचं. माझ्या डोळ्यांसमोर ते दर दोन-चार वर्षांनी यायला लागलं."

पाणी गेलं. मुलांना जुलाब लागले, मग ताप आले. सिस्टर आणि तिथला डॉक्टर दोघं त्या मुलांच्या मागे. एकही मूल त्यांनी जाऊ दिलं नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. एका म्हाताऱ्याकडे मात्र लक्ष द्यायचं राहून गेलं.

त्यांची घरमालकीण मरियम. तिचे वडील जुने मच्छीमार, अंगणातल्या विहिरीवर त्यांचा फार जीव. ती त्यांनी तरुणपणी स्वतः खणली होती. बेटावर प्यायला पावसाचं साठवलेलं पाणी असायचं, पण म्हातारबुवा आपल्या विहिरीचंच प्यायचे. समुद्र आत आल्यावर सरकारी बोटीनं बाटल्यांचं पाणी आलं. त्यांनी एक घोट घेऊन थुंकून टाकला. म्हणाले, हे मेलेलं पाणी आहे. आणि पुन्हा विहिरीवर गेले.

"मी त्यांना विचारलं, बाबा, खारट लागत नाही का? तर म्हणाले, नाही गं, पहिल्यापासून असंच आहे. आणि ते खोटं बोलत नव्हते. दरवेळी समुद्र थोडा थोडा आत मुरत होता आणि त्यांची जीभ थोडी थोडी सवय करून घेत होती. पाणी गढूळ असलं की माणूस घाबरतो. हे काचेसारखं स्वच्छ होतं. मी पण वरवर बघून पुढे गेले, मुलं आजारी होती ना. आधीच बीपीचा माणूस, आणि रोज ते मीठ पोटात. काही महिन्यांनी एका सकाळी विहिरीवरच पडले. अर्धं अंग गेलं. मोठ्या हॉस्पिटलचं बेट लांब. बोटीतच गेले. मरियमच्या मांडीवर डोकं होतं, हात माझ्या हातात."

सिस्टरनी जुडी पुन्हा उचलली.

"आता तिथं कुणी राहत नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना मोठ्या बेटावर हलवलं. चांगल्या इमारती आहेत, नळ आहेत, शाळा आहे. मरियम चौथ्या मजल्यावर राहते. मला म्हणते, दत्ता, इथं सगळं आहे, पण रात्री समुद्राचा आवाज एकाच बाजूनं येतो, झोप लागत नाही."

त्यानंतर मी त्यांच्या त्या पहिल्या घोटाला कधी हसले नाही.

मग तो पावसाळा आला. उल्हास नदी आम्हाला नवी नव्हती. दर दोन-तीन वर्षांनी ती गेटच्या आत येऊन जायचीच. पण त्या सकाळी चहा होईपर्यंत पार्किंग भरलं आणि डब्याची तयारी होईपर्यंत तळमजल्याच्या खिडक्यांना पाणी लागलं. सिस्टर एका पिशवीत औषधं आणि दुसरीत कपडे घेऊन वर आल्या आणि माझ्याकडे सोफ्यावर बसल्या. त्यांचं घर खाली बुडत होतं. फ्रिज, कपाट, बेटावरून आणलेल्या वेताच्या चटया, सगळंच. मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "ते नंतर बघू. शिंद्यांचं डायलिसिस कधी आहे?"

शिंदेकाका दुसऱ्या मजल्यावर. अंबरनाथच्या कंपनीतून निवृत्त झालेले, दोन्ही किडन्या गेलेल्या. दिवसाआड हॉस्पिटल. त्या दिवशीच त्यांची पाळी होती. आणि बाहेर चारी बाजूंना मातकट पाणी. सिस्टर खिडकीत जाऊन पाहून आल्या आणि म्हणाल्या, "झालं बेट."

त्या तडक दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि काकांसमोर खुर्ची टाकून बसल्या. दुपारी टेरेसवर मदतीची पाकिटं आली. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, केळी. शिंदेकाकूंनी मायेनं एक केळं सोलून काकांच्या हातात दिलं. सिस्टरनी ते तोंडाजवळून हिसकावून घेतलं.

"काकू, केळं नाही. टोमॅटो नाही, नारळपाणी नाही. आणि पाणी मी देईन तेवढंच."

काकू भडकल्या. त्यांनी इतके दिवस मनात साठवलेलं सगळं बाहेर आलं. "आजारी माणसाच्या तोंडचा घास काढता? बाहेर बघा, पाणीच पाणी आहे, आणि माझ्या माणसाला म्हणे पाणी देऊ नका! तुमचं कोणी आहे का, म्हणून तुम्हाला कळेल?"

सिस्टरनी हातातलं केळं शांतपणे माझ्याकडे दिलं.

"नाही माझं कुणी," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी नाही म्हणू शकते. तुम्हाला नाही जमणार, काकू. तुम्ही प्रेमानं द्याल. आत गेलेलं पाणी बाहेर यायला यांना मशीन लागतं, आणि मशीन आज नाहीये. केळ्यात जे असतं ते यांच्या रक्तात साठलं तर हृदय बंद पडतं. मशीनपर्यंत पोचेस्तोवर ह्यांना तहानलेलं ठेवायचंय. मग मला काय हव्या त्या शिव्या द्या."

काकू तोंडावर पदर घेऊन आतल्या खोलीत गेल्या. काकांनी जीभ ओठांवरून फिरवली आणि म्हणाले, "सिस्टर, ती मनाची वाईट नाही हो."

"मला माहितीये. तुम्ही बोलू नका, घसा सुकेल."

तो सगळा दिवस आणि दुसरी सकाळ त्या तिथून हलल्या नाहीत. काकांना मोजून घोट द्यायच्या, ओल्या फडक्यानं त्यांचे ओठ पुसायच्या, आणि उरलेल्या वेळात माझ्या फोनवरून जिथे जिथे नंबर लागेल तिथे बोलायच्या. स्वतःही त्यांनी काकांसमोर पाणी प्यायलं नाही. बाहेर जिन्यात जाऊन पिऊन यायच्या. हे काकूंच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सिस्टरच्या पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली.

बोट आली तेव्हा काकांचे पाय सुजले होते आणि धाप लागायला लागली होती. बोटीवरचा जवान म्हणाला, "पहले औरतें और बच्चे." सिस्टर गुडघ्यांची पर्वा न करता शेवटच्या कोरड्या पायरीच्याही खाली उतरल्या, पाण्यात कमरेइतक्या. "बेटा, ये बच्चे कल भी जा सकते हैं. ये आदमी कल नहीं जा सकता." जवानानं काकांकडे पाहिलं आणि हात पुढे केला. एका बाजूनं काकू, दुसऱ्या बाजूनं सिस्टर. मी वरून पाहत होते. बोट कुंपणाच्या भिंतीवरून निघाली तेव्हा सिस्टर अजून पाण्यातच उभ्या होत्या.

काका वाचले. संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्यांनी सिस्टरना फोनवर बोलावलं आणि पलीकडून फक्त रडण्याचा आवाज येत राहिला.

पाणी ओसरल्यावर चिखल आणि वास. सोसायटीचे चेअरमन कुलकर्णी, मोठे समंजस गृहस्थ, त्यांनी खालची टाकी धुऊन घेतली आणि नळ सोडायला निघाले. सिस्टर टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या. शेजारचं ड्रेनेज अजून तुंबलेलं होतं, ते टाकीत झिरपेल ही भीती. कुलकर्णी हात जोडून म्हणाले, "सिस्टर, तुमचं खरं आहे, पण लोकांकडे संडासलासुद्धा पाणी नाही. म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?" सिस्टरनी विचार केला आणि खुर्ची बाजूला घेतली. "हे माझ्या लक्षात नव्हतं आलं. सोडा. पण स्वयंपाकाला टँकरचं, आणि तेही उकळून. हे तुम्ही प्रत्येक दारात जाऊन सांगायचं." कुलकर्णी खरंच प्रत्येक दारात गेले.

पुराच्या पाण्यात जे जे उतरले होते त्यांना लेप्टो नावाचा ताप होऊ नये म्हणून गोळ्या घ्यायला सिस्टरनीच लावलं. आरोग्य खात्याच्या डॉक्टरांना बिल्डिंगमध्ये घेऊन आल्या, एकेकाला हाक मारून रांगेत उभं केलं. स्वतः गोळी घेतली का, हे आमच्यापैकी कुणी त्यांना विचारलं नाही. आठवड्याभरानं त्यांना ताप भरला. डोळे लाल झाले, पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की पाय टेकवेना. टाचेच्या भेगांतून ते इन्फेक्शन शिरलं असणार. मी आणि त्यांचा भाऊ त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच दाराशी डॉक्टरांना सांगितलं, "लेप्टो आहे. लघवी कमी झालीय. गोळी घ्यायची राहिली माझी." आणि लाजल्यासारखं हसल्या.

त्यांच्याही किडन्या काही दिवस बंद पडल्या. शिंदेकाका ज्या युनिटमध्ये जायचे तिथेच त्यांनाही मशीन लावावं लागलं. एकदा मी भेटायला गेले तर दोघांचे पलंग शेजारी शेजारी. शिंदेकाकू मधल्या स्टुलावर बसल्या होत्या, हातात पाण्याचं फुलपात्र. सिस्टरनी हात पुढे केला तर काकूंनी ते मागे घेतलं. "झाले तुमचे दोन घोट. आता संध्याकाळी." सिस्टर माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बघ, कशी छळते." काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात मात्र घट्ट.

सिस्टर त्यातून बऱ्या झाल्या. किडन्या परत सुरू झाल्या, पण अंगातली ताकद गेली. भावानं पुन्हा अंबरनाथचा विषय काढला, मरियमनं व्हिडिओ कॉलवर तिकडेच या म्हणून हट्ट धरला. दोघांनाही त्यांनी "बघते" म्हणून सांगितलं. शिंद्यांच्या शेजारचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता, तो भाड्यानं घेतला. जिना चढताना काकू त्यांचा हात धरायच्या आणि दोघी दर वळणावर थांबून भांडायच्या. हिवाळा गेला.

मी त्यांना शेवटचं काम करताना पाहिलं ते पुढच्या उन्हाळ्यात. शाळेच्या कामावरून दुपारी परत येत होते, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. आमच्यामागे नवीन टॉवरचं काम चालू होतं. तिथल्या मिक्सरचा आवाज बंद होता. काम करणारी माणसं, एरवी भर उन्हात विटा वाहणारी, पत्र्याच्या सावलीत आडवी झाली होती. मुकादम एका बाजूला तोंड पाडून उभा. सिस्टरनी त्याला ऊन उतरेपर्यंत काम बंद ठेवायला लावलं होतं, हे मला त्याच्याकडेच कळलं. कसं लावलं, ते तो सांगेना. एवढंच म्हणाला, "बहुत बोलती है वो मैडम."

सिस्टर त्या माणसांच्या मधोमध, सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर पाय पसरून बसल्या होत्या. कुणा मजूरबाईचं तान्हं मूल त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. त्याची आई शेजारीच, उशाला हात घेऊन गाढ झोपलेली. सिस्टर एका हातानं बाळाचं डोकं सावरत होत्या आणि दुसऱ्या हातानं पुठ्ठ्याच्या तुकड्यानं त्याला वारा घालत होत्या. मी लांबून हाक मारणार होते. त्यांनी डोळे मोठे करून मला गप्प केलं.

त्यानंतर आठवड्याभरात त्या गेल्या, झोपेत, कुणालाही त्रास न देता. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलीय ती तीच दुपार. मी खुणेनं विचारलं, घरी येताय ना? दोन्ही हात गुंतलेले. म्हणून त्यांनी पसरलेल्या पायाचा अंगठा हलवला. तू जा, मी आहे इथं.